मुलाला लाइनमन व्हायचंय? वजन सगळ्यात शेवटी वाढवा

बडोद्यातल्या मराठी घरांतलं कुणी ना कुणी हल्ली अमेरिकेत असतंच. तिकडे वाढणारी नातवंडं शाळेत फुटबॉल खेळतात, तो म्हणजे हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड चढवून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. माझ्या बहिणीचा नातू न्यू जर्सीत नववीला आहे. अंगाने दांडगा, म्हणून कोचने त्याला लाइनमन, म्हणजे समोरच्याशी भिडणाऱ्या पुढच्या रांगेतला गडी केलं, डिफेन्सिव्ह टॅकलच्या जागेवर उभं केलं आणि आता त्याला थेट एनएफएलपर्यंत, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगपर्यंत, हेच करायचंय. इकडे आमच्या व्यायामशाळेतही मोबाइलवर क्लिप बघून हाच विषय काढणारी मुलं आहेत. मी दांडिया बाजारात वाढले, लहानपणी दोरीचा मल्लखांब केला, वडील आणि काका कुस्ती खेळायचे, आणि नोकरी शाळेत पीटी शिकवण्याची केली. हा खेळ मी समजून घेतला तो नातवासाठी. आता त्याच्यासारख्या मुलांसाठी आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितेय.

मुलगा लाइनमन व्हायचं म्हणाला की घरात सगळ्यात आधी खाणं वाढतं. आई तुपाची धार वाढवते, वडील प्रोटीनचा डबा आणतात, आणि वर्षभरात मुलगा नुसता जड आणि संथ होऊन बसतो. हे करू नका. आधी पाय, मग हात, मग डोळे आणि त्यानंतर वजन, असा क्रम ठेवा. व्यावसायिक लाइनमनचं शरीर हे त्या नोकरीपुरतं बांधलेलं असतं. नोकरी संपली की ते उतरवावं लागतं, आणि नोकरी फार लवकर संपते. म्हणून जे आयुष्यभर पुरेल ते आधी शिकवा.

आधी जागा ओळखा

खेळ थोडक्यात असा. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे जायचं असतं. चेंडूमागे त्यांचे पाच धिप्पाड गडी रांगेत असतात: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. त्यांच्यासमोर, हाताच्या अंतरावर, बचाव करणारे तिघे किंवा चौघे वाकून बसतात. ती डिफेन्सिव्ह लाइन. त्यांचं काम दोन प्रकारचं. चेंडू घेऊन पळणाऱ्याची वाट बंद करायची, नाहीतर चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं. क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच रेषेमागे पाडलं की त्याला सॅक म्हणतात.

अगदी मधला, सेंटरसमोरचा, तो नोज टॅकल. त्याच्या शेजारचे डिफेन्सिव्ह टॅकल, कडेचे डिफेन्सिव्ह एन्ड. उभं राहायच्या जागांना कोच नंबर देतात. शून्य म्हणजे थेट सेंटरसमोर, तीन म्हणजे गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर, पाच म्हणजे टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर. मुलाला विचारा, तुला कोणत्या नंबरवर लावतात? त्या उत्तरावर पुढचा सगळा व्यायाम ठरतो. शून्यावरच्या मुलाला दोन माणसांचा रेटा अंगावर घेऊन जागा सोडायची नसते. पाचवरच्या मुलाला वळण घेऊन धावायचं असतं.

आईवडील सॅकचा आकडा विचारतात, कारण तो एकच आकडा कळतो. एनएफएलने सॅकची अधिकृत मोजणी सुरू केली ती १९८२ पासून, आणि त्या यादीत सगळ्यात वर ब्रूस स्मिथ आहे: १९ हंगामांत २०० सॅक. पण न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या व्हिन्स विलफोर्ककडेही बघा. दीडशे किलोंच्या घरातला नोज टॅकल, १३ हंगाम खेळला, लीगची अंतिम लढत म्हणजे सुपर बोल, ती दोनदा जिंकला, आणि सगळ्या कारकिर्दीत त्याच्या नावावर सॅक १६. त्याने दोघांना अडकवून धरलं म्हणून मागचे गडी मोकळे राहिले. नातू शून्यावर खेळत असेल तर फोनवर त्याला सॅक किती झाले हे विचारू नका. तुझ्यामागच्या गड्याने किती जणांना पाडलं, ते विचारा.

कुस्ती खेळलेल्या मुलांना या रांगेत खरंच जागा आहे. कर्ली कल्प हा १९६७ साली अॅरिझोना स्टेटकडून हेवीवेटमध्ये अमेरिकन विद्यापीठांचा कुस्तीतला विजेता होता. पुढे तो नोज टॅकल झाला, कॅन्सस सिटीकडून जानेवारी १९७० मधला सुपर बोल जिंकला आणि २०१३ साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. पण तो कॉलेजात फुटबॉलही खेळलेला होता, हे विसरू नका. टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता मल्ल गेबल स्टीव्हसन २०२४ साली एनएफएलच्या बफेलो संघाच्या शिबिरात दाखल झाला तेव्हा आधी कधीच फुटबॉल खेळला नव्हता. अंतिम संघात त्याला जागा मिळाली नाही. जगातला सर्वोत्तम मल्लसुद्धा एका उन्हाळ्यात लाइनमन होत नाही.

पवित्रा आणि पहिलं पाऊल

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण हे बडोद्यातल्या कुठल्याही मोकळ्या जागेत, फुकटात शिकता येतं.

लाइनमन एक हात जमिनीला टेकवून बसतो. पाय खांद्याएवढे रुंद. जो हात खाली, त्याच बाजूचा पाय थोडा मागे. मागच्या पायाची बोटं पुढच्या टाचेच्या रेषेत. पाठ सपाट, कंबर खांद्यांपेक्षा किंचित वर. मान मोडेल इतकी वर करायची नाही, नजर भुवयांखालून पुढे. टेकवलेला हात नुसता ठेवलेला नसतो, त्याच्यावर भार असतो. मी मुलांच्या बोटांकडे बघते. बोटांची टोकं दाबून पांढरी पडली असतील तर भार पुढे आला आहे. बोटं गुलाबीच असतील तर मुलगा टाचांवर बसलाय, आणि टाचांवर बसलेला माणूस निघताना आधी वर उठतो. उठला की गेला. समोरचा त्याच्या छातीत हात घालतो आणि त्याला मागे नेतो. कुस्तीत पवित्रा उंच झाला की पट निघतो, तीच गत.

आता निघायचं कधी? चेंडू हलला की. आवाजावर नाही. क्वार्टरबॅक मुद्दाम ओरडतो, आवाज बदलतो, टाळी वाजवतो, म्हणजे बचाववाला आधी उडी मारेल आणि त्याला पाच यार्डांचा दंड बसेल. यासाठी आम्ही काठीच्या टोकाला टेनिसचा चेंडू बांधतो. एक जण काठी धरून बसतो. चेंडू खडूच्या रेषेवर टेकलेला. बाकीचे आजूबाजूला उभे राहून ‘हट’, ‘चल’, ‘जा’ असा गलका करतात, कुणी मागून नाव घेऊन हाक मारतं. मुलाने फक्त चेंडू बघायचा. कबड्डी खेळणारी मुलं यात सुरुवातीला फार चुकतात, कारण त्यांना समोरच्याच्या खांद्याची हालचाल वाचायची सवय. त्यातला एक मुलगा दर वेळी हाकेला निघायचा. त्याला मी सांगितलं, रेषेवर बसल्यावर चेंडूवरची शिवण मोजत राहा. नजर बांधली गेली आणि कान आपोआप मागे पडले. ही युक्ती नातवालाही सांगितली आहे.

चेंडू हलला की मागचा पाय आधी निघतो, आणि पाऊल आखूड. लांब ढांग टाकली तर एक पाय हवेत असताना धक्का बसतो. पहिली दोन पावलं जमिनीला चिकटून, आणि दुसरं पाऊल पडायच्या आत हात समोरच्याच्या छातीवर. इंडियानापोलिसला दरवर्षी भरतीआधीची चाचणी होते, तिथे ४० यार्डांची धाव मोजतात. बातमी त्याचीच होते. २०२२ साली जॉर्डन डेव्हिस १५५ किलोंचा असून ४.७८ सेकंदांत पळाला, ते बघून सगळे थक्क झाले. पण लाइनमनसाठी निवडकर्ते पहिल्या दहा यार्डांचा वेळ वेगळा बघतात, कारण सामन्यात त्याला क्वचितच त्याहून जास्त पळावं लागतं. घरी तुम्हीही दहाच यार्ड मोजा. नऊ मीटर, खडूच्या दोन रेषा, मोबाइलचा कॅमेरा. वजन वाढवताना दर महिन्याला हाच वेळ बघायचा. वेळ वाढली तर ते वजन चुकीचं आहे.

हात

पाठीच्या ताकदीवर हा खेळ चालतो असं लांबून वाटतं. जवळून बघितलं तर तो हातांवर चालतो. पहिल्या सेकंदात कुणाचे हात आत गेले, एवढाच प्रश्न. दोन्ही अंगठे वर, कोपरं बरगड्यांना लागून, तळव्याच्या टाचेने समोरच्याच्या छातीच्या पॅडवर मारायचं आणि लगेच हात सरळ करायचे. हात सरळ झाले की तुमच्यात आणि त्याच्यात अंतर राहतं, त्याच्या खांद्यावरून चेंडू दिसतो, आणि कोणत्या बाजूने सुटायचं ते ठरवता येतं.

कुस्तीची मुलं इथेच अडखळतात. त्यांना खडाखडीत पुढे सरकून बिलगायची सवय. या खेळात बिलगलं की समोरच्या गार्डला तेच हवं असतं. त्याला तुम्हाला पाडायचंच नसतं, फक्त तीन सेकंद अडकवून ठेवायचं असतं. म्हणून व्यायामशाळेत आम्ही जुनी कापसाची गादी गुंडाळून खांबाला दोरीने आवळतो. मुलगा गुडघ्यांवर बसतो, म्हणजे पायांची मदत नाही. नुसत्या कंबरेतून आणि तळव्यांतून गादीला ठोसा द्यायचा आणि हात सरळ धरायचे. आवाज ऐका. ‘फट’ असा तोकडा आवाज आला तर नुसते हात लागले. ‘धप्’ असा खोल आवाज आला तर कंबर लागली.

सुटायच्या युक्त्या पुढच्या. सरळ रेटा; समोरच्याच्या बगलेखालून कोपर वर काढत निघणं, जे बगलडूब जाणणाऱ्या मुलाला लगेच कळतं; त्याचा हात खाली दाबून आपला हात वरून टाकणं; मनगटावर बाहेरून फटका मारून पकड तोडणं. यातली एकच आधी पक्की करा आणि मग तिला जोडून दुसरी. रेजी व्हाइट, ज्याच्या नावावर १९८ सॅक आहेत, समोरचा बाहेरच्या बाजूने धावत अडवायला गेला की आतल्या हाताने त्याला उचलून बाजूला टाकायचा. आधी बाहेरची भीती दाखवायची, मग आत. भीती खरी वाटायची कारण तो बाहेरूनही जाऊ शकायचा. आरन डोनाल्ड तर या जागेसाठी ठेंगणाच, सहा फूट एक इंच, १२७ किलो. पण समोरच्याचे हात त्याच्या अंगाला लागायच्या आत तो ते झटकायचा. सर्वोत्तम बचावपटूचा मान त्याला तीनदा मिळाला: २०१७, २०१८ आणि २०२०. जुन्या काळी डीकन जोन्स समोरच्याच्या हेल्मेटवर सणसणीत चापट मारून निघायचा; १९७७ पासून त्यावर बंदी आहे. मुलांना जुन्या क्लिप दाखवताना हे आठवणीने सांगा.

डोळ्यांसाठी एकच शिस्त. सामना बघताना चेंडू बघायचा नाही. रविवारचे दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतात, नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. एक लाइनमन निवडा आणि पूर्ण डाव फक्त त्यालाच बघा. तो किती वेळा बाहेर जाऊन बसतो तेही बघा. लाइनमन आलटूनपालटून खेळतात. दम राखणं हा त्यांच्या कामाचा भाग आहे.

आता वजन

सतराव्या-अठराव्या वर्षाआधी मुद्दाम वजन चढवू नये असं माझं ठाम मत आहे. त्या वयात जोर, बैठका, दोरीवर चढणं, मल्लखांब, छोट्या धावा आणि योग्य माणसाच्या देखरेखीखाली वजनं उचलणं पुरे. सयाजीबागेतल्या संग्रहालयात गामा पैलवानाने १९०२ साली उचलला असं सांगतात तो दगड आहे. मुलं तो बघून येतात आणि मला किती उचलता येईल ते विचारतात. लाइनमनने विचारायचा प्रश्न असा: उचललेलं पटकन उचलता येतं का? भरतीआधीच्या त्या चाचणीत १०२ किलोंचा बार छातीवरून जितक्या वेळा ढकलता येईल तितका ढकलायचा असतो, आणि २०११ साली स्टीफन पेआने तो ४९ वेळा ढकलला. सामन्यात मात्र त्यातला पहिलाच धक्का कामाला येतो.

खाण्याचा हिशेब शाकाहारी घरातही बसतो. ताकदीचा व्यायाम करणाऱ्या खेळाडूला शरीराच्या किलोमागे साधारण १.६ ते २.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. शंभर किलोंच्या मुलाला म्हणजे १६० ग्रॅमपासून पुढे. एक लिटर दुधात सुमारे ३२ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ ते २०, शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीनच्या वड्यांत ५० च्या आसपास, वाटीभर शिजलेल्या वरणात सहा-सात. अंडं चालत असेल तर एकाचे सहा. वहीत लिहून बेरीज करा, मग कळेल की तुपाने हा आकडा हलत नाही. शेवउसळ खाऊ दे रविवारी, पण ती खुराकात धरू नका. आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत वजन वाढलं तर ठीक. त्याहून वेगाने वाढणारं बहुतेक पोटावर जातं.

शाळेतून संघापर्यंत

अमेरिकेत वाढणाऱ्या मुलाचा रस्ता ठरलेला आहे. नववी ते बारावी शाळेचा संघ, मग कॉलेज. पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांत खेळायला पात्र ठरायचं तर ठराविक १६ मुख्य विषय आणि २.३ चा ग्रेड सरासरी लागतो. नववीतच शाळेच्या समुपदेशकाकडे जाऊन विषयांची यादी तपासून घ्या. बारावीत धावपळ करून ती भरून निघत नाही. तिसऱ्या श्रेणीची कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, पण तिथे शिक्षण उत्तम असतं आणि मुलगा खेळतो, बाकावर बसत नाही. सगळ्यांनी मोठ्या नावामागे धावावं असं मला वाटत नाही. शाळा संपल्यावर तीन वर्षं गेल्याशिवाय एनएफएलमध्ये प्रवेशच नाही, म्हणून कॉलेज टाळता येत नाही. मग पदवीचाच विषय आधी नीट निवडा.

ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्या भरतीत, सात फेऱ्या असतात आणि ३२ संघ. नाव पुकारलं गेलं नाही म्हणजे संपलं असं नाही. जॉन रँडलला १९९० साली कुणीच निवडलं नव्हतं. मिनेसोटाने त्याला नुसतं शिबिरात घेतलं, आणि तो १३७.५ सॅक करून २०१० साली हॉल ऑफ फेममध्ये गेला.

बडोद्यात राहून हे स्वप्न बघणाऱ्या मुलांना मी खरं तेच सांगते: वाट अरुंद आहे, पण आहे. घानाचा झिगी अन्सा अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकायला गेला, २०१० साली फुटबॉलच्या संघात शिरला आणि २०१३ साली पाचव्या क्रमांकावर ड्राफ्ट झाला. एफे ओबाडा नायजेरियात जन्मला, लहानपणी लंडनला आला तो निराधार होऊन. गोदामात काम करायचा, मोठेपणी एका स्थानिक संघात हा खेळ शिकला. परदेशी खेळाडूंसाठी एनएफएलने २०१७ साली योजना सुरू केली. त्यातून मुख्य संघात पोचलेला तो पहिला, २०१८ साली कॅरोलिनाकडून. तिथल्या पदार्पणाच्या सामन्यातच त्याने एक सॅक केली आणि एक पास अडवून चेंडू मिळवला. हल्ली प्रत्येक संघाला सरावाच्या यादीत परदेशी खेळाडूसाठी एक जादा जागा मिळते.

इथे सुरुवात करायची तर फ्लॅग फुटबॉलने करा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो असणार आहे. पण त्यात लाइन नसते. अडवणं नाही, रेटणं नाही, आणि क्वार्टरबॅकवर धावणाऱ्याला सात यार्ड मागून निघावं लागतं. कंबर आणि पाय तयार होतात, हातांसाठी कुस्ती चालू ठेवावी लागते.

पगाराचा कागद कसा वाचायचा

पेपरात जो करोडोंचा आकडा येतो तो वाचायचाच नाही. त्याच्याखाली ‘गॅरंटीड’ म्हणून दुसरा आकडा असतो, तेवढाच आपला. बाकीची रक्कम संघाने ठेवलं तर मिळते. ड्राफ्ट झालेल्या नवख्याचा करार चार वर्षांचा असतो. २०२५ साली पहिल्या वर्षीच्या खेळाडूचा किमान पगार ८,४०,००० डॉलर होता, पण तो हंगामाच्या १८ आठवड्यांत दर आठवड्याला मिळतो. सहाव्या आठवड्यात काढलं तर साधारण सहाच आठवड्यांचा. सरावाच्या यादीतल्या, म्हणजे प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्या, नवख्याला त्याच वर्षी आठवड्याला १३,००० डॉलर होते. त्यातून राज्याराज्यांचे कर, आणि एजंटचे, जे ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत. एजंट खेळाडूंच्या संघटनेकडे नोंदलेला आहे ना, हे सही करण्याआधी तपासा. नात्यातला, ओळखीचा, आपल्या समाजाचा म्हणून कुणालाही नेमू नका.

उन्हाळी शिबिरात ९० जण असतात आणि ऑगस्टअखेर ५३ उरतात. ज्यांना काढतात त्यांत चार वर्षं न झालेल्यांची नावं ‘वेव्हर्स’वर जातात: इतर संघांना त्यांच्यावर हक्क सांगायची मुदत मिळते, कुणी सांगितला नाही तर मुलगा मोकळा. मग जुनाच संघ त्याला सरावाच्या यादीत परत घेतो, असं खूपदा होतं. नात्यात कुणाचा मुलगा यातून जात असेल तर ‘काढलं का रे’ असं विचारायला फोन करू नका. मंगळवार हा खेळाडूंच्या सुट्टीचा दिवस, आणि त्याच दिवशी संघ बाहेरच्या मोकळ्या लाइनमनना चाचणीला बोलावतात. म्हणून मोकळ्या मुलाने सोमवारी रात्री बॅग भरून ठेवायची आणि फोन चालू ठेवायचा. कुणाचा तरी गुडघा रविवारी गेलेला असतो, त्याची जागा मंगळवारी भरतात. कठोर आहे, पण या नोकरीत बरेच जण असेही आत येतात.

आकड्यांत एकच लक्षात ठेवा: तीन. तीन ‘क्रेडिटेड’ हंगाम भरले की पेन्शनचा हक्क लागतो, आणि हंगाम मोजला जायला किमान तीन सामने पूर्ण पगारी यादीवर असावं लागतं. दोन हंगाम झालेल्या मुलाला कमी पगाराची, पण मुख्य यादीतली जागा मिळत असेल तर ती घ्यावी, असं मी कुणालाही सांगेन.

दुखापत, डोकं, झोप

आपल्याकडे प्रो. माणिकराव व्यायामाइतकेच हाड बसवण्यासाठी ओळखले जायचे, आणि आमच्या घरातही मुरगळलेला पाय व्यायामशाळेतच दाखवायचे. बोट निखळलं, खांदा दुखला, इथपर्यंत जुन्या जाणत्या हातांवर माझाही विश्वास आहे. पण गुडघ्यातून ‘कट्’ आवाज आला आणि तासाभरात सूज आली तर चोळायचं नाही, एमआरआय करायचा. गुडघ्यातला मुख्य लिगामेंट तुटला तर परतायला नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि सहाव्या महिन्यात मुलगा बरा दिसतो म्हणून सोडायचं नसतं.

डोक्याच्या बाबतीत तर तडजोडच नको. लाइनमनला मोठा मार क्वचित बसतो, छोटे धक्के मात्र प्रत्येक चालीत बसतात, आणि तेच वर्षानुवर्षं साचतात. २०२२ साली एनएफएलने शिबिरांत लाइनमनना सरावाला हेल्मेटवर मऊ आवरण घालणं सक्तीचं केलं. तुमच्या शाळेत आहे का, विचारा. आठवड्याला अंगावर येऊन खेळण्याचा सराव किती दिवस, तेही विचारा. चौदा वर्षांखालच्या मुलाला मी टॅकल फुटबॉल खेळू देणार नाही. मार लागल्यावर मुलगा गोंधळला, उजेड सोसेना, उलटी झाली, तर त्या दिवशी तो परत मैदानात जाणार नाही, कोच काहीही म्हणो. हे त्याच्या आईने आधीच बजावून ठेवावं.

आणि झोप. मान जाड, वजन जास्त, रात्री घोरणं आणि मधेच श्वास अडकणं. मोठा झालेला मुलगा दिवसा पेंगत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. रेजी व्हाइट २००४ साली अवघ्या ४३ व्या वर्षी गेला. त्याला सार्कॉइडोसिस हा फुप्फुसांसारख्या अवयवांना सूज आणणारा आजार होता, आणि झोपेतल्या श्वासरोधाचाही त्याच्या मृत्यूत वाटा असावा असं तेव्हा सांगितलं गेलं. घोरणं म्हणजे गाढ झोप, हा समज आपल्या घरांतून काढून टाका.

नातवाच्या खोलीत कुणाचा फोटो लावायचा तर मी अॅलन पेजचा सुचवला. मिनेसोटाचा डिफेन्सिव्ह टॅकल, १९७१ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बचाव करणाऱ्याला तो मान पहिल्यांदाच मिळाला होता. खेळत असतानाच त्याने कायद्याची पदवी पुरी केली, १९७८ साली. लांब पल्ल्याचं धावायला लागला, वजन उतरलं, मिनेसोटाने त्याला सोडलं, तर शिकागोला जाऊन आणखी काही हंगाम खेळला. १९९३ पासून २०१५ पर्यंत तो मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता.

शेवटचा हंगाम झाला की पहिल्या महिन्यात तीन कामं करायची. खुराक थांबवायचा: भूक जुनीच राहते, मैदान बंद झालेलं असतं, म्हणून ताटातला भात-पोळी आधी कमी करा, प्रथिनं थोडी नंतर, आणि रोज चालणं किंवा पोहणं, गुडघ्यांवर भार न येईल असं. रक्तदाब, साखर आणि झोपेची तपासणी, आणि ती दरवर्षी. तिसरं, ज्या ज्या संघात होता तिथून दुखापतींचे सगळे कागद, एमआरआय, शस्त्रक्रियेचे अहवाल यांच्या प्रती लेखी अर्ज करून मागवायच्या, आणि एक संच इकडे घरी, एक तिकडे ठेवायचा. पेन्शनचा किंवा अपंगत्वाचा दावा कधी कधी पंधरा वर्षांनी करावा लागतो, आणि तेव्हा गुडघा कोणत्या सामन्यात गेला होता हे कागदावरूनच सिद्ध होतं.